घोड्याच्या पायांवरील पिवळीं अंडीं व बॉट माशीचा बंदोबस्त

घोड्याच्या पुढच्या पायांच्या आंतल्या बाजूस, गुडघ्याभोंवतीं, खांद्यावर व कधीं कधीं आयाळीच्या टोकांस खसखशीच्या दाण्याएवढे पिवळट ठिपके चिकटलेले पुष्कळांनीं पाहिले असतील. कोणी त्यांस लिखा समजतात, कोणी गवताचें बीं म्हणतात, आणि खराऱ्यानें दोनचार वेळां ओढून निघाले नाहींत म्हणजे तसेच राहूं देतात. वस्तुतः तीं एका माशीचीं अंडीं होत. त्यांतून निघणाऱ्या अळ्या घोड्याच्या जठरांत जाऊन आठ-दहा महिने तेथें बिऱ्हाड करितात. ह्या माशीस इंग्रजींत बॉट म्हणतात, व आम्हीही ह्या लेखांत तिला बॉट माशी असेंच म्हणूं.

चाकण व पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यांत आतां घोडे उरले कोठें, असें कोणी विचारील. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, पुढें एकामागून एक गांवच्या शेतांतून कारखाने उभे राहिले, आणि टांगा रस्त्यावरून नाहींसा झाला, हें खरें. तथापि घोडा गेला नाहीं. खेड, मावळ, आंबेगांव व जुन्नर ह्या तालुक्यांतील बैलगाड्यांच्या शर्यतींत बैलांच्या पुढें घोडी पळविण्याची चाल आहे. ह्या शर्यती ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बंद झाल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ रोजीं त्यांस सशर्त परवानगी मिळाली, व १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें महाराष्ट्राचा कायदा कायम केला. तेव्हांपासून निमगांवच्या खंडोबासारख्या घाटांच्या आसपास गोठ्याच्या कडेस घोडी बांधलेली पुन्हा दिसूं लागली आहे. शहराकडे यावें तर लग्नसराईंत नवरदेवास मिरविणाऱ्या घोड्यांवर कित्येक कुटुंबांचें पोट चालतें. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणांत उतरतात व पावसाच्या तोंडाशीं परततात. त्यांचें बिऱ्हाड अजून घोड्याच्या पाठीवर असतें. तीं तट्टें बहुतेक भीमथडी वळणाचीं, आणि ज्या भीमेवरून हें नांव पडलें ती आमच्या खेड तालुक्यांतूनच वाहते. आषाढी वारीसाठीं अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षीं आळंदीस येतात. खुद्द पिंपरींत हाफकिन संस्थेनें सर्पदंशावरील औषधासाठीं घोडे पाळले, हें तर पुष्कळांस ठाऊकही नसतें. शेतांत विंचवासापांशीं गांठ पडणाऱ्या शेतकऱ्यानें तरी घोड्याचे हे उपकार विसरूं नयेत. सारांश, ज्यांच्या दारीं एकच घोडी आहे अशा मालकांचाच हा प्रश्न अधिक आहे. मोठ्या पागेंत पशुवैद्य नेमलेला असतो. एकट्या घोडीच्या मालकास स्वतःचे डोळे व स्वतःचा हात एवढाच आधार.

माशी ओळखावी कशी

बॉट माशी दिसावयास मधमाशीसारखी, तपकिरी व केसाळ, सुमारें दीड ते पावणेदोन सेंटिमीटर लांब असते. मादीचें पोट मागें लांबट होऊन खालीं वळलेलें असतें. ती घोड्याच्या अंगावर बसून राहत नाहीं. पायापाशीं हवेंत तरंगते, झडप घालते, एका केसाला एक अंडें चिकटविते व पुन्हा मागें सरते. असें करीत एक मादी शेंकडों अंडीं घालते. एका मादीपासून हजारापर्यंत अंडीं होऊं शकतात.

ती चावत नाहीं. चावण्याजोगें तोंडच तिला नसतें. अळी असतांना घोड्याच्या पोटांत सांठविलेल्या शिदोरीवर ती माशी होऊन कांहीं दिवस, फार तर दोन-तीन आठवडे जगते, व तेवढ्यांत अंडीं घालून मरते. असें असूनही घोडे तिला फार भितात. पाय आपटतात, मान झटकतात, एकमेकांच्या पाठीवर तोंडें टेकून उभे राहतात, कधीं दावें तोडून पळतात. मालकास वाटतें कीं डांस चावला. हा फरक जाणणें अगत्याचें आहे, कारण डांस खरोखरच रक्त पितो, व सर्रा ह्या तापाचे जंतू एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतो. घोडा बेचैन आहे, परंतु अंगावर रक्ताचा ठिपका नाहीं आणि पायांवर पिवळीं अंडीं आहेत, तर ती बॉट माशी समजावी. अंगास चिकटून खेंकड्यासारखी तिरपी धांवणारी चपटी माशी ही आणखी तिसरीच. तिच्याशीं ह्या अंड्यांचा संबंध नाहीं.

पिवळीं अंडीं घालणारी माशी म्हणजे गॅस्टेरोफिलस इंटेस्टिनॅलिस. हिच्या बहिणी तीन सांगण्याजोग्या आहेत. एक हनुवटीखालीं, दोन जबड्यांमधल्या खोलगट जागेंतील केसांस अंडीं घालते. दुसरी ओठांभोंवतालच्या बारीक केसांवर काळपट अंडीं घालते. तिसरी घोड्याच्या वाटेस जातच नाहीं. ती गवतावर अंडीं घालते आणि घोडा तीं गवताबरोबर गिळतो. म्हणून पायांवर अंडीं नाहींत एवढ्यावरून पोटांत अळ्या नाहींत असें ठरत नाहीं. हनुवटीखालीं बोटें फिरवून पाहण्याची संवय ठेवावी.

अंड्यापासून पोटापर्यंतचा प्रवास मोठा चमत्कारिक आहे. पायावरील अंडें सुमारें पांच-सात दिवसांत पक्व होतें. परंतु पक्व झालें म्हणून तें आपोआप फुटत नाहीं. घोड्यानें तेथें चाटावें किंवा दांतांनीं खाजवावें ह्याची तें वाट पाहतें. जिभेची ऊब, ओलावा व घर्षण लागतांच अंड्याच्या टोकाचें झांकण उघडतें, आंतली अळी जिभेस चिकटते व तिच्या कातड्यांत शिरते. हवा थंड असेल तर अंड्यांतली अळी अशी वाट पाहत महिना-दोन महिने, क्वचित् त्याहूनही अधिक काळ जिवंत राहूं शकते. तोंडांत, म्हणजे जिभेच्या पृष्ठभागाखालीं व दाढांमधल्या हिरड्यांत, ती तीन-चार आठवडे काढते व मग जठरांत उतरते. तेथें तोंडाच्या आंकड्यांनीं जठराच्या भिंतीस घट्ट धरून बसते. पुढील आठ-दहा महिने तिची वाढ तेथेंच होते. पूर्ण वाढलेली अळी दीड-दोन सेंटिमीटर लांब, पिंपाच्या आकाराची, तांबूस किंवा पिवळट असून तिच्या अंगावर कांट्यांच्या ओळी असतात. मग ती पकड सोडते, लिदीबरोबर बाहेर पडते, मातींत शिरून कोश करिते, आणि हवामानाप्रमाणें तीन ते आठ आठवड्यांत त्यांतून माशी निघते. हनुवटीखालच्या अंड्यांस मात्र चाटण्याची गरज लागत नाहीं. तीं स्वतः फुटतात व अळ्या खालून चालत ओठांच्या फटींतून तोंडांत शिरतात. १७९७ सालीं ब्रेसी क्लार्क ह्या लंडनच्या पशुवैद्यानें बॉट माश्यांच्या ह्या चरित्राविषयीं निबंध लिहिला. त्यापूर्वीं ह्या अळ्या पोटांत येतात कोठून ह्याविषयीं विद्वानांतही नाना तर्क होते.

आतां ह्यांपासून अपाय किती? ह्या बाबतींत भय घालणें आम्हांस पसंत नाहीं. थोड्या अळ्या पोटांत असलेले पुष्कळ घोडे वरून अगदीं ठीक दिसतात. परंतु अळ्या दाट झाल्या म्हणजे जठराच्या आंतल्या अस्तरावर खड्डे व क्षतें पडतात, अन्न पुढें सरकण्यास अडथळा होतो, आणि क्वचित् जठरास छिद्र पडून घोडा दगावल्याचीं उदाहरणें पशुवैद्यकांत नमूद आहेत. तोंडांतल्या अळ्यांमुळें हिरड्या सुजतात. घोडी घांस चावतां चावतां टाकते, लगाम घेईनाशी होते, आणि मालक तिला हट्टी ठरवून चाबूक उगारतो. घाटांत बैलांच्या पुढें जीव तोडून पळणाऱ्या जनावराच्या जठरांत शें-दोनशें आंकडे रुतलेले असावेत, आणि त्याची पळ कमी झाली म्हणून त्यास नांवें ठेवावीत, हें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

लीद तपासून हा रोग कळेल अशी पुष्कळांची समजूत असते. इतर जंतांचीं अंडीं लिदींत सांपडतात व सूक्ष्मदर्शक यंत्रांतून दिसतात. बॉटची पोटांतली अळी ही अळीच. ती अंडीं घालीत नाहीं. तेव्हां औंधच्या रोग अन्वेषण विभागांत किंवा अन्यत्र लीद तपासून ‘जंत नाहींत’ असा दाखला मिळाला, तरी बॉट नाहीं असें सिद्ध होत नाहीं. मालकाच्या हातीं विश्वासार्ह खूण एकच, व ती केसांवर असते.

अंडीं काढण्याची रीत

अंडीं घोड्याच्या बाहेर असतात तोंवर त्यांवर आपली सत्ता चालते, व तीसुद्धां विनामूल्य. अंडें पांचव्या दिवसापासून पक्व होऊं लागतें हें ध्यानांत घेतलें म्हणजे काम किती वेळां करावें ह्याचा निराळा नियम सांगावा लागत नाहीं. माश्या दिसत असतील त्या दिवसांत आठवड्यांतून दोन वेळां तरी पाय, खांदे, कुशी, आयाळ व हनुवटी तपासून अंडीं काढलीं पाहिजेत. महिन्यांतून एकदां मोठ्या उत्साहानें दोन तास घांसण्यापेक्षां दर तीन-चार दिवसांनीं दहा मिनिटें दिलेलीं बरीं.

साध्या खराऱ्यानें हीं अंडीं निघत नाहींत, कारण माशी तीं एका प्रकारच्या डिंकानें केसास जवळजवळ सबंध लांबीभर चिकटविते. नुसत्या पाण्यानें हा डिंक सुटत नाहीं. अंडें काढावयाचें तर तें केसावरून खरडून टोंकाकडे ओढीत नेलें पाहिजे. परदेशांत ह्यासाठीं दांतेरी पात्याची सुरी व सच्छिद्र दगडाची वडी विकत मिळते. आपल्याकडे प्रत्येक न्हाणीघरांत पाय घांसण्याची वजरी असते. ती कोरडी घेऊन केसांच्या वळणानें, वरून खालीं, हलक्या हातानें ओढली म्हणजे अंडीं तिच्या खरबरीत अंगास लागून निघून येतात. ही वजरी मग घोड्यासाठींच वेगळी ठेवावी. जुना बोथट वस्तरा कातड्यास जवळजवळ सपाट धरून वापरला तरी चालतो, मात्र घोडी शांत असली पाहिजे. हनुवटीखालचे व गुडघ्याच्या आंतले लांब केस कात्रीनें आंखूड केले तर माशीस जागाच कमी मिळते, आणि आपणांस पाहणेंही सोपें जातें.

हें काम तोबऱ्यापाशीं किंवा वैरणीपाशीं करूं नये. खरडलेलीं अंडीं गवतांत पडलीं आणि तेंच गवत घोड्यानें खाल्लें तर माशीचें काम आपण केलें असें होईल. खालीं जुनें पोतें अंथरून त्यावर पडलेलीं अंडीं व केस जाळून टाकावेत.

अंडीं फारच दाट असतील व थंडीचे दिवस असतील, तर ऊन पाण्याची जुनी युक्ति अजून उपयोगी आहे. पाणी ४५ ते ४८ अंश सेल्सियस, म्हणजे हात बुडविला असतां सोसवेल पण सुखाचें वाटणार नाहीं इतपत ऊन घ्यावें. घोडी आंखूड बांधावी, म्हणजे तिचें तोंड पायांपर्यंत पोंचणार नाहीं. जाड फडकें ह्या पाण्यांत बुडवून अंड्यांवर धरावें व जोरानें चोळावें. अळ्यांस वाटतें कीं घोड्याची जीभ लागली. त्या झांकणें उघडून बाहेर येतात, आणि बाहेरच्या थंड हवेंत तोंडाचा आसरा न मिळाल्यामुळें मरतात. शत्रूस खोट्या निरोपानें किल्ल्याबाहेर काढावें तशांतला हा प्रकार आहे. सकाळच्या गारव्यांत ही युक्ति चांगली साधते. भर दुपारीं तितकी नाहीं. फडकें नंतर उकळत्या पाण्यांत टाकावें. रिकामीं झालेलीं टरफलें पुढेंही केसांस चिकटून राहतात, त्यामुळें घाबरूं नये. भिंगांतून पाहिल्यास टोकाचें झांकण उघडलेलें दिसतें.

ज्यांच्या हातून हें काम होतें त्यांनीं रबरी मोजे घालावेत, तें न जमल्यास काम होतांच साबणानें हात धुवावेत, आणि मध्येंच डोळे चोळूं नयेत. नुकती निघालेली अळी माणसाच्या कातड्यांत शिरून वळवळती रेघ उठविते, क्वचित् डोळ्यासही उपद्रव करिते. असें विरळा घडतें, पण घोडी धुण्याचें काम घरांतील मुलांकडे असतें म्हणून मुद्दाम सांगितलें.

ह्या पट्ट्यांत एक वाईट उपाय सुचण्याजोगा आहे, त्याविषयीं दोन शब्द. कारखान्यांतून व गाड्यांच्या दुरुस्तीच्या दुकानांतून जळकें ऑइल फुकट मिळतें; तें पायांस फांसलें म्हणजे माशी बसत नाहीं असा तर्क कोणाच्याही मनांत येईल. हें मुळींच करूं नये. घोडा तें चाटतो, पोटांत विष जातें, आणि कातडी भाजून केस गळतात ते वेगळेंच. रॉकेल व डिझेल ह्यांची गोष्टही तीच. गोचिडांसाठीं बैलांच्या पाठीवर ओततात तीं औषधेंही पशुवैद्यास विचारल्यावांचून घोड्यास लावूं नयेत. बैल आणि घोडा एका दावणीस उभे राहिले तरी दोघांची प्रकृति एक नव्हे.

पोटांतील अळ्यांवर औषध

गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत ह्या अळ्यांवर कार्बन डायसल्फाइड नांवाचें द्रव्य गोळींत भरून उपाशी घोड्याच्या घशाखालीं घालीत. तें इतकें ज्वालाग्राही व दाहक असे कीं गोळी तोंडांतच फुटली तर रोगापेक्षां उपाय भारी होई. आतां तो काळ गेला. जपानांत सातोशी ओमुरा ह्यांनीं मातींतून वेगळ्या केलेल्या एका सूक्ष्म जीवापासून, अमेरिकेंत विल्यम कॅम्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनांतून, आयव्हर्मेक्टिन हें औषध निघालें; १९८१ सालापासून तें जनावरांसाठीं बाजारांत आलें व २०१५ सालीं त्या दोघांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. ज्या पिंपरींत १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सनें बुरशीपासून पेनिसिलिन काढलें, तेथील लोकांस मातींतल्या जीवापासून औषध निघतें ह्याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं.

येथें एक गोष्ट ठळकपणें सांगितली पाहिजे. जंताचें औषध म्हणून शेतकऱ्याच्या घरीं जें बहुधा असतें, तें अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल, बॉटच्या अळ्यांवर चालत नाहीं. ‘घोडीस जंताचें औषध दरवर्षीं देतों’ असें सांगणाऱ्या मालकास आम्ही आधीं नांव विचारतों. बॉटवर चालणारीं औषधें आज मुख्यतः दोन: आयव्हर्मेक्टिन व मॉक्सिडेक्टिन. पहिल्याची मात्रा दर किलो वजनास ०.२ मिलिग्रॅम, दुसऱ्याची ०.४ मिलिग्रॅम, दोन्ही तोंडावाटे. लहान शिंगरांस व अगदीं खंगलेल्या जनावरांस मॉक्सिडेक्टिन देऊं नये. गाईबैलांसाठीं असलेलें आयव्हर्मेक्टिनचें इंजेक्शन घोड्यास टोंचण्याचा मोह होतो, कारण तें स्वस्त व गोठ्यांत हाताशीं असतें. घोड्याच्या मानेंत तें टोंचल्यावर त्या जागीं जबर सूज येऊन, मांसांत जंतू शिरून घोडे मेल्याचे दाखले आहेत. घोड्यासाठीं तोंडावाटे देण्याचा लेप पिचकारींत भरलेला मिळतो. तोच पशुवैद्याच्या सल्ल्यानें वापरावा.

मात्रा ठरविण्यास वजन पाहिजे, आणि घोडा तोलण्याचा कांटा गांवांत नसतो. शिंप्याची टेप पुरे. घोड्याच्या पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरांत घ्यावा; खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,९००, हें किलोंत वजन. समजा एका तट्टाचा घेर १४५ व लांबी १४० भरली. १४५ चा वर्ग २१,०२५. त्यास १४० नें गुणून २९,४३,५०० होतात. भागाकार सुमारें २४७ किलो. त्यास आयव्हर्मेक्टिन सुमारें ५० मिलिग्रॅम लागेल. बाजारांतली पिचकारी पुष्कळदां ६०० किलोंच्या घोड्यास पुरेल एवढी असते व तिच्या दांड्यावर वजनाच्या खुणा असतात. आपल्या तट्टास तिचा निम्म्याहून कमी भाग लागतो. अर्थात् एका पिचकारींत दोन शेजाऱ्यांचीं तट्टें होतात, मात्र पिचकारीचें टोंक मध्यें स्वच्छ पुसावें. देण्यापूर्वीं तोंडांत घांस राहिलेला नसावा, नाहीं तर तो औषधासकट बाहेर थुंकला जातो. जमिनीवर सांडलेला लेप कुत्र्यानें चाटूं नये अशी काळजी घ्यावी. कांहीं कुत्र्यांस तो घातक होतो.

औषध केव्हां द्यावें? थंड देशांतील पुस्तकांत पहिलें हिंव पडल्यावर द्यावें असें लिहिलेलें असतें, कारण हिंवानें तेथील माशी मरते. आमच्याकडे चाकणास असें हिंव पडत नाहीं, आणि माशी नक्की कोणत्या पंधरवड्यांत नाहींशी होईल हें पावसावर व उन्हावर अवलंबून असतें. म्हणून तारीख पंचांगांत न पाहतां घोडीच्या पायांवर पाहावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ज्या दिवशीं प्रथम अंडीं दिसलीं त्या दिवशीं एक खूण करावी, व पुढें तपासणीच्या प्रत्येक दिवशीं नवीं अंडीं असल्यास टिंब, नसल्यास रेघ. ओळीनें दोन आठवडे रेघाच पडल्या व शेवटचीं अंडीं खरडून झालीं, कीं तेथून एक महिना मोजून औषध द्यावें. तेवढ्या काळांत तोंडांतल्या अळ्या जठरांत उतरलेल्या असतात. माश्यांचा हंगाम तीन महिन्यांहून लांबला तर मध्यें एक मात्रा देण्याविषयीं पशुवैद्यास विचारावें. एवढ्यानें बहुधा भागतें. शर्यतीच्या किंवा वरातीच्या तोंडावर औषध देण्याची घाई करूं नये. चार-आठ दिवस विश्रांतीचे सांपडतील असें पाहून द्यावें, असें आमचें मत आहे.

दर महिन्यास औषध पाजीत सुटणें हा दुसरा अतिरेक. बॉट सोडून घोड्याच्या आंतड्यांत इतर जंत असतात, व तेच औषध पुनःपुन्हा मिळालें म्हणजे त्यांतले कांहीं त्याला दाद देईनासे होतात. शिंगरांतील मोठ्या गोल जंतांवर आयव्हर्मेक्टिन पूर्वींसारखें चालत नाहीं असा अनेक देशांतला अनुभव आहे. जें काम वजरीनें होतें तें औषधावर ढकलूं नये, ह्याचें हें दुसरें कारण.

लीद, रान व शेजारी

लिदींत कांटेरी तांबूस अळी दिसली कीं लोक भितात व त्या दिवशीं औषधास धांवतात. ती अळी तर घोड्यास सोडून चालली! तिच्यापासून त्या घोड्यास आतां कांहींच अपाय नाहीं. अपाय आहे तो दीड-दोन महिन्यांनीं, ती माशी होऊन परत येईल तेव्हां. म्हणून ती पायाखालीं मातींत शिरूं न देतां उचलून जाळावी. लीद रोजच्या रोज गोळा करून शेणखताच्या खड्ड्यांत मध्यभागीं, जेथें खत चांगलें तापतें तेथें पुरावी. कडेस टाकलेल्या लिदींतून अळी सहज निसटून कोरड्या मातींत शिरते. तबेल्याची जमीन ठोकून घट्ट ठेवणें व कोपऱ्यांतली भुसभुशीत माती काढणें एवढें तरी सर्वांस साधेल.

पूर्वीं घोडीं मोकळ्या गायरानांत चरत. आतां गायरानें आंखडलीं, आणि कारखान्यांच्या कुंपणांमधल्या पडीक तुकड्यांवर, नदीच्या कांठीं, रस्त्याच्या कडेस गांवोगांवचीं घोडीं एकाच गवतावर येतात. जागा थोडी व लीद तेथेंच, म्हणून माशीस हें सोयीचें झालें आहे. माशी उडत फिरते. तिला मालकी हक्क कळत नाहीं. दहा घोड्यांपैकीं नऊंची निगा राखली आणि दहावें तसेंच राहिलें, तर त्या एकाच्या पोटांतल्या अळ्या पुढच्या हंगामांत सर्वांच्या पायांवर अंडीं घालावयास पुरतात. धनगरांच्या तट्टांनीं माशी आणली असें गांवकरी म्हणतात, व गांवांतल्या बांधलेल्या घोड्यांनीं आमचीं तट्टें बिघडविलीं असें धनगर म्हणतील. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य असणें शक्य आहे. वाडा गांवाबाहेर उतरला असतां शेतांत मेंढरें बसविण्याचा करार होतोच. त्याच बोलण्यांत दोन्हीकडच्या घोड्यांचे पाय तपासून एकाच दिवशीं औषध देण्याचें ठरवितां येईल. मेंढरांच्या नाकांत अळ्या घालणारी माशी ही बॉटच्याच गोत्रांतली, तेव्हां हें प्रकरण धनगरांस समजावून द्यावें लागणार नाहीं. उलट तेच आपणांस दोन गोष्टी सांगतील.

बाजारांतून किंवा परगांवाहून नवीन घोडी आणली तर तिला लगेच इतरांबरोबर चरावयास सोडूं नये. पाय, खांदे व हनुवटी पाहून अंडीं खरडावीत, वजन काढून औषध द्यावें, आणि पुढचे चार-पांच दिवस तिची लीद निराळी गोळा करून पुरावी, कारण औषधानें सुटलेल्या अळ्या त्या दिवसांत बाहेर पडतात. ज्या गांवांत दोनचार घोडीं आहेत तेथील मालकांनीं हंगामाच्या आरंभीं एकदां एकत्र बसून वजरी, कात्री, टेप व दिनदर्शिका एकाच ठिकाणीं ठेवण्याची व्यवस्था केली, तर शेजारच्या शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयांतील किंवा तालुक्याच्या दवाखान्यांतील वैद्यास बोलावण्याचा खर्चही वांटून जाईल. तो येईल तेव्हां घोडीच्या दाढाही पाहण्यास सांगावें. तोंड उघडलेलेंच असतें.